आजच्यापुरती भाकर

आजी गेली त्याला या लेंटमध्ये वर्ष झालं. तिच्या अकोल्याच्या घरातून मी एकच वस्तू अमरावतीला आणली होती, डालड्याचा जुना डबा. त्यात ज्वारी होती आणि वर कडुनिंबाचा पाला. एकोणीस मुठी ज्वारी. विसावी मूठ पडायच्या आधीच आजी प्रभूत निजली.

लेंट म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवस. आजी या दिवसांत दुपारचं जेवायची नाही. न जेवलेल्या जेवणाची मूठभर ज्वारी डब्यात टाकायची आणि उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी डबा पदराखाली घेऊन निघायची. कोणाच्या घरी, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. रिकामा डबा घेऊन परतायची, तो धुऊन पालथा घालायची आणि मग शुक्रवारच्या उपासनेचं पांढरं पातळ घडी मोडून ठेवायची.

प्रार्थना मी तिच्या चुलीपुढे शिकले. चुलीत पऱ्हाट्या तडतडत. आजी उकळत्या पाण्यात पीठ भिजवी, काठवटीत मळून मळून त्याला चिकी आणी. मग भाकर फिरत्या तळव्याखाली हळूहळू मोठी होई. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरायचा. उलटून, शेवटी चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांवर उभी करायची. पापुद्रा टम्म फुगायचा. पहिली भाकर ती कधी अख्खी वाढायची नाही. मोडून अर्धी बाजूला ठेवायची आणि मग आम्ही डोळे मिटायचो. प्रभूनं शिकवलेली ती प्रार्थना मराठीत आली तेव्हा तिच्यात भाकर आली, आणि म्हणून ती वऱ्हाडातल्या चुलीपुढे परकी वाटली नाही. देवाकडे काय मागायचं ते समोर तव्यावर दिसत होतं.

"आज पुरतं मांग, पोरी," आजी म्हणायची. "उद्याचं उद्या. अन्‌ एकटीसाठी नोको मांगू."

त्या प्रार्थनेत 'मी' नाही हे तिनं मला असं सांगितलं. आहे ते सगळं 'आम्ही'. आमचा बाप, आमची भाकर, आमच्या चुका.

हे तिला पुस्तकातून कळलं नव्हतं. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९ साली पुन्हा पाऊस फिरकला नाही. काळी कसदार माती, आगगाडीनं मुंबईकडे गठाणी धाडणारा कापसाचा मुलूख, आणि त्याच मुलखात माणसं उपाशी मेली. कापूस खाता येत नाही. आजीची आजी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. तिला मिशनच्या अनाथाश्रमात कोणी आणून सोडलं, तिचं गाव कोणतं, हे तिला कधीच सांगता आलं नाही. एवढंच आठवे की एका बाईनं हातावर भाकरीचा गरम तुकडा ठेवला, आणि तो तिनं बराच वेळ खाल्लाच नाही, नुसता धरून ठेवला. आमच्या घरातली श्रद्धा त्या तुकड्यापासून सुरू होते.

पोटासाठी देव बदलला, असं शाळेत मला कोणी म्हणालं होतं. रडत घरी आले. आजीनं शांतपणे विचारलं, "मंग? जो पोटाले इसरते, तो देव कायचा?"

त्या पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात हिंडून उपाशी मुलींना आपल्याकडे घेऊन आल्या. केडगावचं मुक्तिसदन या मुलींनी भरलं. पुढे त्याच बाईंनी बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत आणायला घेतलं, कमी शिकलेल्या बाईलाही ते कळावं म्हणून. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्या दुःखातही रमाबाईंनी काम सोडलं नाही, ते तडीस नेलं, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. तेही दिवस लेंटचेच होते. ईस्टर अकरा दिवसांवर आला होता. लेकीच्या शोकात भिजलेल्या त्या आईच्या हातून परक्या लेकींसाठी शब्द उतरत राहिले. वर्षभर मला हेच जमलं नव्हतं. माझं दुःख मी माझ्यापुरतं धरून बसले होते.

मातीच्या वेळी लोक म्हणाले, रडू नको, ती प्रभूजवळ आहे. ती आहेच. पण लाजराच्या कबरीपुढे खुद्द प्रभूच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि पुनरुत्थानाच्या पहाटे मग्दालीया मरीया रडत उभी होती म्हणूनच तिला नावानं हाक ऐकू आली. रडणाऱ्याला देव दटावत नाही. मला माझ्या नावानं, 'माय' जोडून, हाक मारणारं आता कोणी नाही, एवढंच मला रडायचं होतं.

यंदाच्या लेंटच्या विसाव्या दिवशी मी डबा खाली काढला. ज्वारी पाखडली, निवडली, पुन्हा भरली. आमच्या भागात ज्वारीची बरीच शेतं आता सोयाबीननं घेतली आहेत. चांगली ज्वारी शोधून आणावी लागली. त्या दिवसापासून एक एक मूठ टाकत गेले. आजीची मूठ लहान होती, भाकरी थापून थापून बोटं वाकलेली. माझी मोठी. तिच्या एकोणीस, गुरुवारपर्यंत माझ्याही एकोणीस.

प्रभू, उत्तम शुक्रवारी अकोल्याला येऊन, बारा ते तीन, तिथल्या उन्हानं पत्रे तापलेले असताना, मी तुझ्या वधस्तंभापाशी बसले होते. मी तुला आजी परत मागितली नाही. ज्या घरात कर्जापायी बाप गेला आणि कापूस तसाच झाडावर राहिला, त्या घरासाठी मागितलं. ज्या आईच्या हाताला पीठ लागत नाही, तिच्यासाठी मागितलं. आमच्यासाठी माग, हे तूच शिकवलंस. या 'आमच्या'त माझी आजीही असू दे. तिला माझ्यापेक्षा तू बरं ओळखतोस.

ईस्टरच्या पहाटे आम्ही सगळे कबरस्तानात जमलो. शनिवारी चुना दिलेल्या कबरी अंधारात आधी दिसत होत्या, माणसं नंतर. कडुनिंबाचा मोहर खाली पडत होता. टाळाच्या साथीनं ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचं भजन सुरू झालं, आणि आजीच्या कबरीवर मेणबत्ती लावताना मी रडलेही आणि गायलेही. दोन्ही एकाच गळ्यातून आलं.

ज्वारी मी गुरुवारी संध्याकाळीच पोचती केली होती. कोणाच्या घरी, ते इथं लिहिणार नाही. डबा धुऊन उन्हात पालथा घातला आहे.