पाच किलोच्या आत

डाव्या स्तनात गाठ निघाली, मिरजेला ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमोचे डोस, शेवटी रेडिएशनचा शेक. हे आता घरोघरी माहीत झालंय, त्यात शिरत नाही. माझं डोकं अजून फिरतं ते घरी सोडताना दिलेल्या कागदावरच्या एका ओळीने. डाव्या हाताने पाच किलोच्या वर उचलायचं नाही. किती दिवस, ते लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, "कायमचंच धरा."

आमच्या दारात दोन म्हशी. शेणाची पाटी, वैरणीचा भारा, दुधाची किटली यातलं पाच किलोत काय बसतं? दूध घालायला गेले की तिथल्या काट्यावर मी एकेक ठेवून बघायला लागले. भरली कळशी दहाच्या पुढे गेली. शेजारणीची तान्ही नात तेवढी पाचाच्या आत बसली.

ऑपरेशनच्या आधी अशी मनाई नव्हती. फिजिओथेरपीच्या बाईंनी तीन गोळ्यांचं यंत्र हातात दिलं होतं. बघेल तो ते फुंकतो. फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून तिसरी गोळी वर धरायची असते. शिवाय रोज चालायचं. म्हणून पहाटे झरी पार्श्वनाथाच्या देवळाच्या वाटेला लागायचे. डोस सुरू झाले तरी सोडलं नाही, फक्त डोक्याला स्कार्फ आला. आणि बोलणं सुरू झालं. "आगं, डोस चालू हाय न्हवं? पड की गप, कशाला तडमडतीस?" जाऊबाई तर दार अडवून उभ्या. आणि हे कुठं, तर कुंडलात! कुस्तीच्या मैदानाला डोंगराच्या उतारावर बसून हजारो माणसं अंगमेहनतीलाच तर टाळ्या वाजवतात. पोरगं जोर-बैठका मारायला लागलं की घरातलं निम्मं दूध त्याच्या तांब्यात जातं. बाई चालायला निघाली की ती तडमडते.

डोसानंतरचे पहिले दोन-तीन दिवस मीही आडवीच असायचे. पण चौथ्या दिवशी लोळत राहिलं तर थकवा वाढायचा, चाललं तर उतरायचा. उपचार चालू असतानाच व्यायाम करा, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये लेखी सांगितलंय. ते आमच्या गल्लीत कोण वाचणार!

वजनाचं तर आणखी जुनं आहे. व्हँकुव्हरच्या डॉ. डॉन मॅकेन्झींनी १९९६ मध्ये स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या २४ बायका लांबलचक ड्रॅगन बोट वल्हवायला बसवल्या. काखेतल्या गाठी काढलेल्या, त्यामुळे हात सुजतील अशी सगळ्यांना धास्ती. एकीलाही नव्याने सूज आली नाही. २००९ मध्ये अमेरिकेतला अभ्यास छापून आला. हात आधीच सुजलेल्या १४१ बायका, त्यातल्या निम्म्यांना दंडाला घट्ट बाही घालून, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. वर्षभरात सूज उसळली ती न उचलणाऱ्यांत २९ टक्के जणींना, उचलणाऱ्यांत १४. माझा कागद त्यानंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेला! सांगलीला कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात, त्यात एक होडी आमच्यासारख्यांची का नसावी?

कुणी हे वाचून उद्याच भारा उचलू नये. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीपासून सुरुवात करायची, तीही विचारून. ताप आला किंवा पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर घरातच बसायचं. हात जड वाटला, अंगठी रुतायला लागली तर थांबून दाखवून यायचं. मी भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायची, रोज पोचले तिथे पेन्सिलीची रेघ. पहिली रेघ धाकट्याच्या पहिलीतल्या उंचीच्या खुणेपाशी होती.

एवढं चिडून लिहिलं खरं, पण त्या ओळीने मला काही दिलंच नाही असंही नाही. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने पहिल्यांदा गोठ्यात पाटी धरली ती त्या पाच किलोंमुळे. दार अडवणाऱ्या जाऊबाई पाण्याच्या कळशा आणून ठेवायच्या, तेही मुकाट. मॅकेन्झींची गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही. डंबेल आणलेत, ते ज्वारीच्या कणगीमागे असतात. दुपारी सगळे रानात गेले की काढते. कळलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी गोठा परत माझ्याकडे येईल.