घर मिळाले, गल्लीचे काय?

गेल्या रविवारी आम्ही मुलांना घेऊन वरळीला गेलो. समुद्र पाहायला नव्हे, बीडीडी चाळी पाहायला! जांबोरी मैदानाच्या बाजूने चालत गेलो. एकीकडे जुन्या दगडी रंगाच्या चाळी, दुसरीकडे आभाळाला भिडलेल्या नव्या इमारती.

ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 नंतरच्या काही वर्षांत या चाळी बांधल्या. वरळीत 121, नायगावात 42, ना. म. जोशी मार्गावर 32, शिवडीत 12, एकूण 207. एका चाळीत चार मजले, 80 खोल्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास सामायिक. खोलीत मावेना म्हणून माणूस गॅलरीत आणि गल्लीत राहिला. तेथेच मुलांनी अभ्यास केला, लग्नाचे मांडव पडले, भीमजयंतीची मिरवणूक निघाली. 1974 च्या जानेवारीत दंगल पेटली, तेव्हा दगडांचा मारा याच गल्ल्यांनी सोसला. 10 जानेवारीला परळच्या मोर्चात पँथर भागवत जाधव शहीद झाले.

शासनाने विकास नियंत्रण नियमावलीत या चाळींसाठी वेगळा नियम केला. त्यानुसार म्हाडा पात्र कुटुंबांना 500 चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य देत आहे. 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीतील पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. एका आजीने आम्हाला चहा दिला. घरातच संडास आला, याचे तिला केवढे समाधान! मात्र दार लावले की शेजारीण दिसत नाही, असेही ती म्हणाली.

जुने जपा, असे दुसऱ्याच्या गळक्या खोलीकडे बोट दाखवून सांगणे सोपे असते. आमच्या माणसांनी 160 फुटांत कुजावे, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. पण नियम चौरस फूट मोजतो, गल्ली मोजत नाही. ती आपणच मोजून घेतली पाहिजे. ज्यांच्या चाळी अजून पाडायच्या आहेत, त्यांनी नकाशा मागावा. विहार कोठे, वाचनालय कोठे, मुलांचे मैदान किती, जयंतीचा मांडव कोठे पडणार, हे सही करण्यापूर्वी विचारावे.

परतताना परळच्या बीआयटी चाळीपाशी थांबलो. बाबासाहेब येथे वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. धाकटी म्हणाली, "एवढ्या लहान खोलीत एवढी पुस्तके?"

असा प्रश्न पडायलाही एखादी चाळ उभी राहिली पाहिजे.