वाटेवरचा विसावा

विश्रांती आणि विसावा हे दोन शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. परंतु मराठी भाषेने त्यांत एक सूक्ष्म भेद राखून ठेविला आहे. आषाढीच्या वाटेवर पालखी रात्री जेथे राहते तो मुक्काम, आणि दिवसा चालता चालता जेथे घटकाभर टेकते तो विसावा. विसाव्याच्या जागी कोणी बिऱ्हाड सोडीत नाही. पंढरपूर अजून दूर आहे हे प्रत्येकास ठाऊक असते. अंत्ययात्रेतही अर्ध्या वाटेवर तिरडी क्षणभर खाली ठेवितात, खांदेकरी जागा बदलतात, आणि त्या ठिकाणासही विसावा असेच म्हणतात. वाट संपल्यावर जे मिळते ते नव्हे, तर वाट उरलेली असताना जे मिळते त्यास आपल्या पूर्वजांनी हे नाव दिले. मराठी शुभवर्तमानात प्रभू येशू थकल्याभागल्या माणसांना जे देऊ करितो, त्यासाठी भाषांतरकारांनी हाच शब्द योजिला आहे. ह्या निवडीने आम्हांस अनेक वर्षे विचारास लाविले आहे.

आम्ही अंधेरीस राहतो आणि दक्षिण मुंबईतील एका महाविद्यालयात शिकवितो. उपनगरवासी गृहस्थाचा दिनक्रम वाचकांस नव्याने सांगावयास नको. बोरिवली असो, घाटकोपर असो वा मुलुंड असो. पहाटेचा डबा, ठरलेली लोकल, कचेरी, परतीची गर्दी, आणि घरी पोहोचल्यावरही खिशातील मोबाईलवाटे पाठलाग करणारी कचेरी, हा क्रम सर्वत्र सारखाच. ख्रिस्ती गृहस्थाच्या बाबतीत ह्यात आणखी थोडी भर पडते. रविवारी सकाळी उपासना, तिच्यामागून मुलांची रविवारची शाळा, मग मंडळीच्या कमिटीची सभा, गायनवृंदाचा सराव, आजाऱ्यांच्या भेटी. जो दिवस विसाव्यासाठी म्हणून नेमिला, त्याच्या संध्याकाळी सोमवारचीच ओढ लागावी, अशी स्थिती आमच्या परिचयाच्या कित्येक भाविक कुटुंबांत आहे.

ह्यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे पुढे ढकलणे. उत्तरपत्रिका तपासून झाल्या की निवांत बसू. घराचे हप्ते फिटले की बसू. मुलीचे लग्न झाले की बसू. निवृत्त झाल्यावर तर बसावयाचेच आहे! मुक्कामाच्या आशेवर आपण सर्व विसावे ओलांडीत जातो. पन्नाशी उलटल्यावर आमच्या एक गोष्ट ध्यानात येऊ लागली आहे, ती ही की, ह्या आशेवर जगलेल्या आमच्या कित्येक समवयस्कांना निवृत्तीनंतरही बसता येत नाही. बसण्याची विद्या त्यांच्या हातून केव्हाच निसटलेली असते.

ही विद्या जपणाऱ्या एका समाजाची हकीकत आपल्या कोकणातलीच आहे. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. मराठी हीच त्यांची भाषा झाली. हिब्रू आणि धर्मातील पुष्कळ विधी कालौघात विस्मरणात गेले. मात्र शनिवारी घाणा बंद ठेवावयाचा हा नेम त्यांनी सोडिला नाही. शेजारच्या गावकऱ्यांस त्यांचे धर्मशास्त्र ठाऊक नव्हते, पण बंद घाणा दिसत होता. म्हणून त्यांनी ह्या लोकांस शनवार तेली असे नाव दिले. अखंड राबणाऱ्या माणसास आपण घाण्याचा बैल म्हणतो. परंतु ह्या तेल्यांच्या घाण्याचा बैल सातव्या दिवशी सुटा असे! एखाद्या समाजाची ओळख त्याच्या कामावरून पडणे ही नेहमीची गोष्ट आहे; कामाबरोबर काम थांबविण्यावरूनही ती पडावी, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

मुंबईच्या रविवाराचाही असाच एक इतिहास आहे. राज्यकर्ते ख्रिस्ती होते म्हणून ही सुटी आपोआप लाभली, असा पुष्कळांचा समज असतो. गिरणीतील कामगारांस ती लाभली नव्हती. जोतीराव फुले यांचे सहकारी व ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला, त्यात आठवड्यातून एक दिवस सुटीची मागणी होती. ती मान्य होण्यास 10 जून 1890 हा दिवस उजाडावा लागला. सत्यशोधक समाजातील ह्या गृहस्थाने मिळवून दिलेला रविवार आम्ही ख्रिस्ती लोक प्रभूचा दिवस म्हणून पाळतो, हे आम्ही कृतज्ञतेने स्मरतो. लोखंडे यांनी तो स्वतःसाठी मागितला नव्हता. विसावा ही एकट्याने मिळवून एकट्याने भोगण्याची वस्तू नाही, हे त्यांच्या चरित्रावरून कोणासही कळेल.

शब्बाथाची मूळ आज्ञा तरी दुसरे काय सांगते? तीत काम न करणाऱ्यांची यादीच दिली आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. काही वर्षांपूर्वी घरच्या सायंप्रार्थनेत हा भाग वाचिला गेला, तेव्हा आमच्या पत्नीने हसत विचारिले, “अहो, ह्यात बैल आहे, पण बायको कुठे आहे?” पंडितांचे उत्तर असे की, ‘तू’ ह्या शब्दातच तिचा समावेश होतो. आम्ही तेच दिले. “मग स्वयंपाकघराला तसे कळवा,” एवढेच ती म्हणाली.

प्रश्न विनोदाचा नव्हता. बहुतेक मध्यमवर्गीय घरांत रविवार हा गृहिणीचा सर्वांत कष्टाचा वार असतो. पाहुणे त्याच दिवशी, विशेष जेवण त्याच दिवशी, आणि घरातील सर्वांच्या चहाच्या फर्माईशीही त्याच दिवशी. चार जणांचा विसावा पाचव्याच्या पाठीवर उभा असेल तर त्यास प्रभूचा दिवस म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. आमच्या घरी तेव्हापासून एक साधा नेम आहे. रविवारचे कालवण शनिवारी रात्री सर्वांनी मिळून करावयाचे. रविवारी दुपारी दोन ते चार सर्व मोबाईल कपाटाच्या खणात ठेवावयाचे. आणि त्या वेळात कोणी कोणास चहा मागावयाचा नाही. पहिल्या रविवारी पत्नीने दोन तास वर्तमानपत्र वाचिले, अगदी छोट्या जाहिरातींसुद्धा. तिच्या मुद्रेवरील ते स्वास्थ्य पाहून ह्या नेमास अन्य समर्थनाची गरज उरली नाही.

कोणी म्हणेल, ही तर शरीराची विश्रांती झाली; आत्म्याचा विसावा वेगळा. तो भेद आम्हांस मान्य आहे. शरीर कामाने थकते, झोपेने ताजे होते. आत्मा थकतो तो, सर्व काही आपल्यावाचून अडेल ह्या समजुतीने. ही समजूत झोपेनेही उतरत नाही. घटकाभर हात मुद्दाम रिकामे ठेवावे आणि तेवढ्या वेळात जग चाललेच आहे हे पाहावे, तेव्हाच ती सैल होते. म्हणूनच थांबणे ही श्रद्धेची एक कृती आहे असे आम्ही मानितो. विसाव्याचे वचन देतानाच प्रभू आपले जू घेण्यास सांगतो. हे आम्हांस तरुणपणी विसंगत वाटे. परंतु बैलांच्या जोडीचे जू दोघांच्या मानेवर असते हे शेत पाहिलेल्या माणसास सांगावयास नको. ओझे तेच राहते, केवळ ते ओढणारे आपण एकटे नसतो.

आठवड्याच्या दोन तासांवर मात्र सहा दिवस निभत नाहीत. सकाळी अंधेरीहून गाडी सुटली की दादर येईपर्यंतची सुमारे 20 मिनिटे आम्ही कडी धरून, डोळे मिटून, त्या दिवशीची माणसे एकेक करून देवापुढे ठेवितो. फी न भरू शकलेला विद्यार्थी, रुसलेला सहकारी, दवाखान्यातली बहीण. शेजारच्या डब्यातून कधी टाळांसह भजन ऐकू येते. त्याने आमच्या प्रार्थनेस व्यत्यय येत नाही, सोबतच होते. कित्येक दिवस वांद्र्याच्या पुढे मन उत्तरपत्रिकांकडे धावते. त्यास परत आणावे लागते, आणि तेही त्या विसाव्याचेच काम आहे.

आमच्या अंधेरीतच सीप्झ ह्या निर्यात क्षेत्राच्या आवारात सेंट जॉन द बॅप्टिस्ट ह्या पोर्तुगीज काळातील चर्चचे अवशेष आहेत. ते 1579 साली बांधिले गेले आणि 1840च्या सुमारास साथीच्या भयाने लोक ते सोडून गेले. 1973 साली भोवती हे निर्यात क्षेत्र उभे राहिले. दागिने आणि संगणकाची कामे तेथे पाळ्यांनी चालतात. चर्चला छप्पर उरलेले नाही. तरीही वर्षातून एकदा, मे महिन्यात, आसपासच्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक फाटकातून आत जाऊन त्या उघड्या भिंतींमध्ये उपासना करीत आले आहेत. आपल्या दिवसातील विसाव्याची जागाही पुष्कळदा अशीच असते. चहूकडे यंत्रे, वर छप्पर नाही, शांतता तर नाहीच. तेथे नेमाने परत जाणारी माणसे असली की ती जागा उपासनेची राहते. आमच्या वाट्यास आलेली जागा अंधेरी आणि दादर यांच्यामध्ये आहे. वाचकांनी आपापली शोधावी, आणि घरातील दुसऱ्या कोणाची ती आपल्या पायाखाली तर येत नाही ना, हेही पाहावे.