निरोप

शुक्रवारी रात्री वाकडला ट्रॅव्हल्समध्ये बसलो की जालना, देऊळगाव राजा करत सकाळी चिखली. रेल्वेची वाट आमच्या आजोबांनीही पाहिली, आम्हीही पाहतोय. असो. सांगायचं ते वेगळंच आहे.

गेली तीन वर्षं मी सुट्टी टाकून गावी जातो ते कबड्डीच्या स्पर्धेसाठी. खेळायला नाही हो! कॉलेजात असताना उजवा कोपरा सांभाळायचो, आता हिंजवडीत खुर्ची सांभाळतो. हे पोट बघून मला कुणी चढाईला पाठवणार नाही. मी जातो तो कार्यकर्ता म्हणून.

बघणाऱ्याला मैदानावर चौदा खेळाडू दिसतात. २०१४ मध्ये टीव्हीवर प्रो कबड्डी आली, तेव्हापासून तर मॅट, दिवे आणि रिप्ले यांच्यापलीकडे नजर जातच नाही. पण चाळीस मिनिटांच्या एका सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक लागतात. म्हणजे सहा माणसं, तीही फक्त नियमांच्या पुस्तकातली. पुस्तकाबाहेर मातीतले खडे वेचणारा असतो, आदल्या रात्री मैदानावर पाणी मारणारा असतो, तेरा बाय दहा मीटरच्या चौकोनात फक्कीच्या रेषा ओढणारा असतो, वजनकाट्यापाशी दिवसभर उभा राहणारा असतो. बाहेरगावच्या मुलींना रात्री कुणाच्या घरी उतरवायचं हे बघणाऱ्या दोन काकू असतात. यातल्या कुणालाही पगार नाही. चहा असतो, कधीकधी पोहे.

आमच्याकडे या सगळ्यांना धरून ठेवायचे ते अण्णा. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. नावाला गुणलेखक, पण खरं तर सगळंच. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी तिकडे जाऊन कबड्डी दाखवून आली, हे मला पहिल्यांदा अण्णांनीच सांगितलं. दरवर्षी सांगतात. सांगताना जणू तेही त्या बोटीवर होते असं वाटतं.

तर दोन वर्षांपूर्वी मी हे सगळं पाहिलं आणि इंजिनियर माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं. ॲप! दिवाळीच्या सुट्टीत बसून बनवलं. खेळाडूंची नोंदणी, जन्मतारखेचा दाखला, वजन, सामन्यांचं वेळापत्रक, लाइव्ह गुणफलक आणि सगळ्यांना एकदम जाणारे मेसेज. स्पर्धेच्या दिवशी मोठ्या स्क्रीनवर गुण झळकले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हाला वाटत असेल की मग लाइट गेली आणि माझी फजिती झाली. छे! ॲप शेवटपर्यंत झकास चाललं. अण्णा दोन दिवस टेबलाशेजारी बसून होते. मधे एकदा त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि परत लावून ठेवलं. मी ते पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ लावायला मला पुढे वर्ष लागलं.

पुढच्या वर्षी अण्णा आले नाहीत. "गुडघे दुखतात" असा निरोप आला. फक्कीवाला पोरगा आला नाही. काकू आल्या, पण दोघींपैकी एकच. मी म्हटलं, लोकांना आजकाल वेळ कुठे असतो! आपल्याकडे ऑफिसात कुणी राजीनामा दिला की असंच म्हणतात ना, "बेटर ऑपॉर्च्युनिटी".

मग तो मुलगा आला. जिल्ह्याच्या कुमार संघाची निवड चाचणी होऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पिशवीत बूट घेऊन. रिकाम्या मैदानावर मी वायरी गुंडाळत होतो. त्यानं विचारलं, "भाऊ, चाचणी कधी सुरू होणार?"

मी मोबाईल काढून दाखवला. तारीख बदलल्याचा मेसेज गेला होता, पोचलाही होता. दोन टिका स्पष्ट दिसत होत्या. पण तो नंबर त्याच्या मोठ्या भावाचा, आणि भाऊ कामाला चाकणला. वयामुळे कुमार गटात खेळायचं त्या मुलाचं ते शेवटचं वर्ष होतं. तो काही बोलला नाही. "बरं" म्हणाला आणि स्टँडकडे चालायला लागला. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी अण्णांच्या घरी गेलो. मुलाच्या गावाचं नाव ऐकल्याबरोबर ते म्हणाले, "त्याले फोन नाई लागत. तिथं किराणा दुकानात सांगा लागते." कपाटातून वही काढली. गावागावाचे निरोप कुणाकडे द्यायचे, कुणाची शेवटची बस कितीची, कोणता पंच डायबेटिसवाला, त्याला जेवण किती वाजता, कुणाच्या घरी यंदा लग्न आहे म्हणून त्याला काम सांगायचं नाही. गुण लिहिणं हे त्यातलं सगळ्यात छोटं काम होतं. मी तेवढंच पाहिलं, आणि तेच काढून घेतलं.

मी गडबडीत म्हटलं, "अण्णा, यंदा तुमचा सत्कार करू. शाल-श्रीफळ."

ते हसले. "शाल देता म्हंजे निरोपच देता नं रे?" मग थोड्या वेळानं म्हणाले, "मशीन आणली त्याचं मले वाईट नाई वाटलं. एसटीतही तिकिटाची पेटी गेली अन् मशीन आली. शिकलोच नं मी. पण तिथं आधी बोलावून सांगतलं होतं. तू मले इचारलं काऊन नाई?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑफिसात आम्ही एक बटण हलवायचं तरी चार मीटिंगा घेतो. इथे एका माणसाची पंचवीस वर्षांची जागा हलवली आणि साधं विचारलं नाही. का? तर तो फुकट काम करतो म्हणून. ज्याला पगार द्यावा लागत नाही त्याची परवानगीही लागत नाही, असं आपण मनात कुठेतरी धरून चालतो.

गंमत म्हणजे आपला खेळ याबाबतीत शहाणा आहे. महाराष्ट्रात कबड्डी दिन असतो १५ जुलैला, बुवा साळवींच्या जन्मदिवशी, आणि बुवांची मोठी ओळख संघटक म्हणूनच आहे. खेळाच्या नियमातही एक गोष्ट फार सुंदर आहे. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले, त्याच क्रमाने परत आत येतात. तो क्रम लिहून ठेवायला साहाय्यक गुणलेखक बसवलेला असतो. बाहेर बसलेला विसरला जाऊ नये म्हणून एक माणूस! आमच्या बाहेर गेलेल्या कार्यकर्त्यांचा क्रम मात्र कुणीच लिहिला नव्हता.

आणि शिकायला लांब जायला नको होतं. खामगावमार्गे शेगाव काही दूर नाही. तिथले सेवाधारी पाळीपाळीने येतात, नेमून दिलेलं काम नेमून दिलेले दिवस करतात, समोरच्याला "माउली" म्हणतात, आणि पाळी संपली की घरी जातात. आपली पाळी संपणार आहे हे माहीत असलेला माणूस पुन्हा येतो. आमच्याकडे एकदा फक्की हातात घेतली की ती जन्माची. मग माणूस एक दिवस न सांगता गायब होतो, आणि आपण म्हणतो, पोरांना आवड राहिली नाही.

या वर्षी फार काही केलं नाही. महिनाभर आधी अण्णांच्या ओसरीवर बसलो. ते नाव सांगायचे, मी फोन लावायचो. मेसेज नाही, फोन. "तुम्ही याल का?" आणि लगेच "शनिवारी दुपारी दोनपर्यंतच, मग दुसरा येईल." नाही म्हणणाऱ्याला "बरं, पुढच्या वर्षी" म्हणायचं, टोमणा मारायचा नाही. एसटीचं भाडं मागायच्या आधी पाकिटात. ॲपमध्ये एक रकाना वाढवला, 'निरोप कुणाकडे'. तो भरला अण्णांनी, मी नुसता टाइप केला. मैदानावर गुणपत्रक तेच लिहितात, एक पोरगी शेजारी बसून ते स्क्रीनवर चढवते. तिला दोन्ही येतं आता.

फक्कीवाला पोरगा नाही आला. त्याला तीनदा फोन केला.

तो मुलगा मात्र आला होता. आता तो खुल्या गटात खेळतो. त्याचा सामना पहिल्याच फेरीत गेला. संध्याकाळी खुर्च्या उचलायला तो आपणहून पुढे आला तेव्हा मला आधी बरं वाटलं, मग लाज वाटली. मी म्हटलं, "तू राहू दे, तुझी शेवटची बस साडेसहाची आहे."

तो थांबला. "तुम्हाला कसं माहीत?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते पेनाचं टोपण लावत होते.