गाडीचं पांघरूण

बाबा हवाई दलात आहेत. सध्या त्यांची बदली तंजावरला आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा ते दोन महिन्यांच्या ड्यूटीवर बाहेर होते. आजीला दवाखान्यात न्यायचं तर शेजारचे काका गाडी चालवतात, एरवी ती उघड्यावर उभी असते. कव्हर निवडायचं काम आईने माझ्यावर सोपवलं.

आपल्याकडे दिवाळीपर्यंत पाऊस सरतो. तंजावरला मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मुख्य पावसाळा, आणि मधूनच कडक ऊन. जाड प्लॅस्टिकचं कव्हर स्वस्त होतं. पण त्यात आतली वाफ कोंडते आणि पत्र्याला गंज धरतो. म्हणून पाणी अडवणारं, तरी हवा खेळू देणारं, आतून मऊ अस्तराचं कव्हर घेतलं. मापाचंच घेतलं, कारण सैल कव्हर वाऱ्याने फडफडून रंग घासतं. धूळही तशीच घासते, म्हणून आधी गाडी धुऊन कोरडी केली.

आणखी एक कसोटी होती: आईला ते एकटीने काढता आलं पाहिजे. निघण्याआधी तिच्याकडून दोनदा सराव करून घेतला, एकदा रात्री टॉर्चच्या उजेडात. आजीला बरं नसेल तेव्हा पट्ट्यांच्या गाठी सोडवत बसायला वेळ नसतो.