आधी अडवणारा माणूस

ट्रेडिंगच्या टीमसाठी माणसं निवडणं हे आता माझं नेहमीचं काम झालं आहे. वाशीच्या ऑफिसात फायनान्सची पदवी घेतलेली, कोडिंग येणारी, तोंडी हिशेबात तरबेज मुलंमुली समोर येऊन बसतात. मी त्यांना जे विचारतो, त्यातलं माझं स्वतःचं काहीच नाही. ते सगळं कामोठ्यातून आलेलं आहे, तळमजल्यावरच्या एका गाळ्यातून. तिथे पाच-सहा टर्मिनलांच्या डेस्कवर दोन माणसांनी मला उभं केलं. एक काका, दुसऱ्या ताई. नाव छापून आलेलं दोघांनाही आवडणार नाही, म्हणून नात्यानंच लिहितो.

काका वाईकडचे. दलाल स्ट्रीटवर एका ब्रोकरकडे रिंगणातले क्लार्क म्हणून लागले. तेव्हा सौदे तोंडी व्हायचे: आरडाओरडा, हातवारे आणि छोट्या वहीत घाईघाईनं केलेली नोंद. नंतर दोन्हीकडच्या नोंदी जुळवायच्या. जुळल्या नाहीत की वांधा. काका म्हणायचे, "हुशार सगळेच होते रे. पण आज भाव पडल्यावर कालचा सौदा कबूल करणारे कोण आणि हात वर करणारे कोण, हे अख्ख्या रिंगणाला पाठ असायचं." नोव्हेंबर १९९४ मध्ये एनएसईवर शेअरचे व्यवहार स्क्रीनवर सुरू झाले, १९९५ मध्ये बीएसईवरही बोल्ट ही स्क्रीनवरची यंत्रणा आली आणि रिंगण ओस पडलं. काका टर्मिनल शिकले, डीलर झाले. हार्बरची गाडी पनवेलपर्यंत आल्यावर त्यांनी कामोठ्यात घर घेतलं. मानसरोवर ते सीएसएमटी अशी वर्षानुवर्षं ये-जा केली आणि निवृत्तीच्या वयात स्वतःच्या भांडवलावर हा डेस्क थाटला. बीएसई आणि एनएसईच्या भावातला फरक पकडायचा, जोडीला थोडे फ्युचर्स, थोडी कमॉडिटी.

माणसं घ्यायची त्यांची तऱ्हा न्यारी होती. मार्कशीट ते बघतच नसत. एक शंभर पानी वही हातात द्यायचे. पहिला आठवडा कीबोर्डला हात लावायचा नाही. सव्वानऊ ते साडेतीन स्क्रीनसमोर बसायचं आणि दर पंधरा मिनिटांनी काय झालं ते एका ओळीत लिहायचं. बहुतेकांच्या वहीत दुसऱ्या दिवसापासूनच गोष्टी उगवत: 'ऑपरेटर माल गोळा करतोय', 'परदेशी पैसा आलेला दिसतो', 'आता मोठी तेजी'. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये वजनकाट्यावर पावत्या फाडणारा एक मुलगा आला होता. त्याच्या वहीत होतं: '११.४५, काही नाही. १२.००, काही नाही. १२.१५, दोन रुपये खाली. कारण माहीत नाही.' काकांनी 'कारण माहीत नाही'भोवती लाल पेनानं गोल केला आणि त्याला त्याच दिवशी ठेवून घेतलं.

माझी वही चाळताना त्यांनी एकच विचारलं, "दीड ते दोन कोरं का?"

"जेवायला गेलो होतो."

"चार्ट बघून मागाहून भरता आलं असतं की."

"मी बघितलं नव्हतं ना."

"बरं. सोमवारपासून ये."

टर्मिनलवर बसायला निस्म या शेअरबाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची परीक्षा लागायची. तिची फी काकांनी भरली आणि पगारातून कधी कापली नाही. त्याच निस्मचं मोठं कॅम्पस २०१६ मध्ये आपल्या रायगडातच, पाताळगंगेला उभं राहिलं. आता त्या बाजूला गेलो की मला आधी ती न कापलेली फी आठवते.

१९८३ च्या अखेरीला शिकागोच्या रिचर्ड डेनिस या ट्रेडरनंही वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन नवखी माणसं गोळा केली होती, हे मी पुढे वाचलं. ट्रेडर जन्मावा लागतो की घडवता येतो, यावर त्याचा विल्यम एकहार्ट या जोडीदाराशी वाद होता. त्यानं त्या माणसांना दोन आठवडे आपले नियम शिकवले, स्वतःचे पैसे हातात दिले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी भरपूर कमावलं. 'टर्टल्स' म्हणून ते गाजले. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "रीत शिकवता येते. काही न करता बसणं मात्र घरून आणावं लागतं." सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीचा अभ्यास आला. आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. ते वाचताना काकांच्या त्या वहीची किंमत नव्यानं कळली.

पण काकांची खरी निवड होती ती ताईंची. ताई आधी एका पतपेढीत वसुली बघायच्या. संचालकाच्या पाहुण्याचं कर्ज थकलं तरी त्याला नोटीस पाठवणाऱ्या, एवढी त्यांची ख्याती. काकांनी त्यांना ट्रेडिंग दिलंच नाही. सगळ्या टर्मिनलांच्या लिमिट त्यांच्या हातात दिल्या. कोणी किती माल घ्यायचा, किती तोट्यावर थांबायचं, कोणाचं टर्मिनल बंद करायचं, सगळं त्या ठरवणार. काकांचं टर्मिनलही त्यात आलं. ताईंना नफ्यात वाटा नव्हता. बांधलेला पगार आणि दिवाळीला वाढ. आम्हाला हा अन्याय वाटायचा. काका म्हणायचे, "वाटा दिला तर नफ्याच्या दिवशी तिचा हात अडखळेल."

यामागे त्यांच्या डोक्यात बेअरिंग्ज बँक होती. लंडनची २३३ वर्षं जुनी ही बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये बुडाली. सिंगापूरला निक लीसन सौदेही करायचा आणि त्या सौद्यांचा हिशेबही त्याच्याच हाताखाली होता. तोटा तो ८८८८८ नंबरच्या खात्यात लपवत गेला, आणि शेवटी ८० कोटी पौंडांहून मोठा खड्डा निघाला. "लीसन सगळीकडे सापडतात," काका म्हणायचे. "त्याच्या शेजारी कोणाला बसवायचं याचा विचार बँकेनं केला नाही."

२० एप्रिल २०२० ला काकांच्या या निवडीचा कस लागला. लॉकडाऊन होता, आम्ही आपापल्या घरी, काका आणि ताई फोनवर. एमसीएक्स या कमॉडिटी बाजारात क्रूडचा एप्रिलचा करार त्याच दिवशी संपत होता. एरवी रात्री उशिरापर्यंत चालणारा बाजार त्या काळात संध्याकाळी पाचलाच बंद व्हायचा. तेल कधी नव्हे इतकं पडलेलं, आणि काकांकडे खरेदीचे पाच लॉट.

"लिटरला सहा-सात रुपये पडतायत, ताई. पाण्याची बाटली महाग आहे याच्यापेक्षा. शून्याच्या खाली कुठे जाणार? राहू देत."

"काका, शेवटचा भाव न्यूयॉर्कवरून ठरणार, आपल्या मध्यरात्री. पाचनंतर विकायची वेळ आली तर कुठे विकाल?"

"अगं, पैसे माझे आहेत!"

"लिमिट माझी आहे. पाऊण तास देते. नाहीतर मी कापते."

काका फोनवर बरंच बोलले. त्यातलं सगळं लिहिण्याजोगं नाही. पण पाचच्या आत पाचही लॉट तोट्यात विकले. एमसीएक्सवर शेवटचा सौदा ९६५ रुपये बॅरलला झाला. त्या रात्री न्यूयॉर्कला भाव शून्याच्या खाली गेला, उणे ३७ डॉलरच्याही पलीकडे. एमसीएक्सनं आधी एक रुपया असा तात्पुरता भाव लावला आणि दुसऱ्या दिवशी कराराचा निकाल केला उणे २,८८४ रुपयांवर. शंभर बॅरलच्या एका लॉटमागे ३,८४,९०० रुपयांचा फरक. पाच लॉट म्हणजे एकोणीस लाखांच्या वर. तेवढ्यानं आमचं शटर कायमचं खाली आलं असतं.

सकाळी काकांनी सगळ्यांना फोनवर घेतलं आणि आदल्या संध्याकाळचा सगळा प्रकार, स्वतःच्या ओरडण्यासकट, आम्हा पोरांना सांगितला. मग विचारलं, "ताई, मी ओरडलो तेव्हा भीती वाटली का गं?"

"वाटली ना. पण नवी खरेदी मी आधीच बंद करून ठेवली होती."

पुढे दोन बाजारांतला फरक मशीनच माणसाच्या आधी पकडू लागली. काकांनी कोणाचे पैसे न बुडवता डेस्क बंद केला आणि प्रत्येकाला कुठे ना कुठे लावून दिलं. माझ्यासाठी ते स्वतः वाशीच्या ऑफिसात आले. मालकांनी माझं काम ऐकलं, होकार दिला. काका म्हणाले, "याला एकट्याला देणार नाही. ताईंनाही घ्या, आणि याची लिमिट त्यांच्याकडे द्या. जमत नसेल तर हाही नको." माझ्या नोकरीच्या बैठकीत असं बोलणाऱ्या माणसाचा तेव्हा रागच आला होता. आज मी टीम उभी करतो तेव्हा पहिली जागा भरतो ती मला अडवणाऱ्या माणसाची, ट्रेडर मागाहून. ती जागा मंजूर होत नसेल तर कामच घेत नाही. काकांचं देणं फेडायची याहून दुसरी रीत मला माहीत नाही.

काका आता वाईला असतात. ताई माझ्याच ऑफिसात आहेत. गेल्या महिन्यात माझे सौदे सलग नफ्यात निघाले आणि ताईंनी माझी लिमिट निम्मी केली. विचारायला गेलो, तर म्हणाल्या, "फार बोलायला लागला होतास."