मले-तुलेचा रॅप

आमच्या घरात दोन गावं नांदतात. एकाचं अमरावती, दुसऱ्याचं अकोला. घरात उर्दू, भाजीबाजारात वऱ्हाडी आणि शाळेच्या वहीत पुस्तकी मराठी. 'तुमचं मराठी छान आहे हो,' असं कोणी म्हटलं की आम्ही शुक्रिया म्हणतो, पण जरा टोचतंच. पाहुण्याचं कौतुक करावं तसं ते असतं. आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या इथलेच.

पुण्यात शिकणारी आमची भाची 'मले-तुले' तोंडातून निघू नये म्हणून वर्षभर जपून बोलत होती. सिनेमा-नाटकांत वऱ्हाडी आली की लोक हसायला तयारच असतात. त्याच बोलीतला रॅप आता पोरं कानाला लावून ऐकतात, याचं आम्हाला अप्रूप वाटतं.

मुंबईचा 'स्वदेसी' हा रॅप करणाऱ्या तरुणांचा गट. हिंदी, मराठी, गुजराती, ज्याची जी भाषा तो त्या भाषेत गातो. २०१९ मध्ये त्यांनी आरेच्या जंगलातले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्यासोबत 'द वारली रिव्हॉल्ट' हे गाणं केलं. पुढे २०२० मध्ये 'चेतावनी' हा त्यांचा अल्बम आला. 'गली बॉय' सिनेमाने कुर्ला-धारावीची पोरं देशाला दाखवली होती. 'स्वदेसी'ने जंगल, जमीन आणि हक्क हे विषय रॅपमध्ये आणले. याच गटातला '१०० आरबीएच' आपल्या अमरावतीचा. शंभराला हिंदीत 'सौ' म्हणा, की नाव कळतं: सौरभ. तो वऱ्हाडीत रॅप करतो. २०२३ मध्ये 'एमटीव्ही हसल'च्या तिसऱ्या पर्वात ही बोली देशभर ऐकू गेली. त्यानंतर भाची फोनवर मोकळेपणी 'मले' म्हणू लागली.

हे सगळं अमेरिकेहून आलं, असं घरातले मोठे म्हणतात. खरं आहे, आलं तिकडूनच. पण आपल्या मातीत त्याला जागा आधीच होती. गाडगेबाबा कीर्तनात वऱ्हाडीतून सवाल टाकायचे आणि लोकांकडूनच जवाब घ्यायचे. उर्दूतली गझल मराठीत रुजवणारे सुरेश भट १९३२ मध्ये अमरावतीतच जन्मले. बार्शीच्या शाहीर अमर शेखांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदानं भरून टाकायचा.

तरी आई-बाप म्हणून आमची काळजी आहेच. कित्येक गाण्यांत शिव्या असतात, अभ्यास मागे पडतो, आणि संगीताबद्दल घरोघरी वेगवेगळी मतं आहेत. त्याहून मोठी काळजी शब्दांची. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. मे २०२३ मध्ये अकोल्याने दंगल पाहिली. मोबाइलवरचा एक मजकूर गल्ली पेटवू शकतो, हे आमच्या पोरांनी खिडकीतून पाहिलंय. म्हणून घरात दोनच अटी ठेवल्या. जे दादीसमोर म्हणता येणार नाही ते लिहायचं नाही. आणि आपलं दुःख सांगायचं, दुसऱ्याची जात-धर्म काढायचा नाही.

आमच्या पुतण्याने यंदा आठ ओळी लिहिल्या, त्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर. विहिरीला पाणी आहे पण ते तोंडात धरवत नाही, आणि दादी मैलभर चालून गोडं पाणी आणायची, असा मजकूर. अब्बांना रॅप आवडत नाही, पण मुशायऱ्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि म्हणाले, 'बेटा, चौथ्या ओळीत वजन कमी पडतंय.' मग दोघं तासभर बोटांवर मात्रा मोजत बसले. दादी आतून म्हणाली, 'मैल नाही रे, दोन मैल लिही.'

तुमच्या घरातही एखादं पोरगं असं वहीत काही लिहीत असेल. वही हिसकावण्याआधी एकदा त्याला मोठ्याने वाचायला सांगा.